डावी नाकपुडी

५ फेब्रुवारी

वन्सं,

मायना काय घालावा यातच चहा गार झाला. तीन वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम 'तीर्थरूप' घातलं तर तुम्ही म्हणाल, हिला काहीतरी हवंय. हवंच आहे, पण ते पुढे. म्हणून नुसतं वन्सं.

तुमचा फोन नंबर बदललाय. पत्ता तुमच्या जुन्या फ्लाइंग क्लबातल्या बाईंकडून काढला. त्यांना सांगितलं की तुमची एक वस्तू आमच्याकडे राहिलीय, ती पाठवायचीय. तशी ती राहिलीच आहे. तुमची निळ्या मुठीची कानस अजून शेडमध्ये खिळ्याला लटकतेय. ह्यांनी ती वापरली नाही आणि फेकलीही नाही. ह्यांना या पत्राचं ठाऊक नाही, आणि तूर्त ठाऊक व्हायलाही नको.

विमान झालं हो. तुम्ही गेलात तेव्हा पंख भिंतीला टेकवलेले होते आणि सांगाड्यावर ती तडकलेली काच. काच म्हटलं की हे अजून चिडतात. 'कॅनोपी म्हण, ॲक्रिलिक आहे ते.' पण वैमानिकाच्या डोक्यावरचं ते पारदर्शक झाकण बघून मला लोणच्याची बरणीच आठवते, त्याला मी काय करू? नवी काच यायला अकरा महिने लागले. मग पंख लागले, इंजिन लागलं. नवव्या वर्षी का होईना, आपलं दोन माणसांचं विमान शेडमधून निघून विमानतळावरच्या हँगरमध्ये जाऊन उभं राहिलं.

मागच्या महिन्यात ह्यांनी ते धावपट्टीवर नुसतं पळवून बघितलं. काच लावून, दहा मिनिटं. बाहेर आले ते लालभडक, घामानं निथळत, आणि उतरताना पाय लटपटले. काच आतून वाफेनं पांढरी. विमानाला उडायची परवानगी देणारे तपासनीस म्हणाले, "आत हवा नको का? वर जाऊन घेरी आली म्हणजे?"

म्हणून हवेच्या झडपा बसवायच्या ठरल्या. विमानाच्या पोटाकडून भोक पाडावं तर इंजिनाचा धूर तिथूनच बाहेर पडतो, तो आत यायचा. म्हणून मग काचेतच, डाव्या-उजव्या बाजूला एकेक गोल भोक, त्यावर कडं, आणि कड्यात फिरणारी झडप. हवी तेवढी उघडायची, हव्या त्या बाजूनं वारा घ्यायचा. ह्यांनी त्यांना नाव ठेवलंय, नाकपुड्या.

आता भोक पाडायचं कोणी? काचेला हात लावायचा म्हटलं की ह्यांचे हात थरथरतात, त्या दिवसापासून. मला म्हणाले, "ॲक्रिलिक तुझा विषय." तेही खरंच. तीस वर्षं कवळ्या करतेय. दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसून किती जणांची हसणी घडवली असतील. कवळीची हिरडी काय आणि विमानाची काच काय, जात एकच, असं म्हणून मी पदर खोचला. हे हँगरच्या बाहेर पाठ करून उभे राहिले.

दोन्ही नाकपुड्या छान बसल्या. ह्यांनी कड्यावरून बोट फिरवून बघितलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा शीळ घातली.

जाता जाता एक सहज विचारते. समजा ॲक्रिलिकला स्क्रूच्या भोकापाशी केसाएवढी चीर गेली, लांबीला अगदी तांदळाच्या दाण्याएवढी, तर विमानवाले काय करतात? कवळीचं मला माहीत आहे, विमानाचं तुम्हाला. सहजच.

तुमची भावजय


१३ फेब्रुवारी

वन्सं,

सहज नव्हतं.

तुमचं उत्तर नाही, आणि यावं असं मी काही केलेलंही नाही. पण ते शेवटचं वाक्य वाचून तुमची भिवई वर गेली असणार, हे मला इथून दिसतंय. तेव्हा सांगूनच टाकते.

मोठी भोकं छान पडली. लॅबमधल्या बारीक चाकानं, घाई न करता, कवळीची कड घासतात तशी. उजवीकडची स्क्रूची सहा भोकंही दुपारच्या उन्हात पाडली, काही झालं नाही. डावी बाजू दुसऱ्या दिवशी सकाळी केली. गारठा इतका की पत्रा हाताला चावत होता. त्यात मला दहाच्या आत लॅबमध्ये एका बाईंची कवळी द्यायची होती. ड्रिलला पत्रा कापायचंच टोक लावलेलं, ॲक्रिलिकचं वेगळं असतं, पण बदलायला कोण बसतंय! चौथ्या भोकाला 'टिक्' असा आवाज आला. मोठा नाही, कपावर नखानं टिचकी मारावी तेवढा.

बाहेरून ह्यांनी विचारलं, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

एवढंच बोलणं झालं, वन्सं. खोटं बोलायला माणसाला किती थोडे शब्द लागतात.

माझ्या पिशवीत कवळ्या सांधायचं औषध होतं. रोज एक-दोन तुटक्या कवळ्या रुमालात गुंडाळून येतातच. चिरेत दोन थेंब सोडायचे, ते ॲक्रिलिकला जरा विरघळवतं आणि सांधतं, पाव तासात चीर कुठे होती ते सांगता येत नाही. तेच केलं. चीर दिसेनाशी झाली. वर कडं बसवलं, स्क्रू आवळले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

परवा सकाळी मी ह्यांचा डबा द्यायला हँगरवर गेले. ऊन तिरपं येत होतं. डाव्या कड्याच्या बाहेर काचेत काहीतरी चकाकलं. आधी वाटलं कोळ्याचं जाळं असेल, म्हणून बोटानं पुसलं. ते पुसलं जात नव्हतं, कारण ते काचेच्या आत होतं. चंदेरी, बारीक रेघा, एकीतून दुसरी फुटलेली. लॅबचं माप लावलं, सगळ्यांत लांब रेघ कड्याच्या बाहेर चार मिलिमीटर. काल तीच सात होती.

तुम्ही म्हणाल, मग नवऱ्याला सांगायला काय झालं? वन्सं, मी दारात उभी होते त्या दिवशी. पहिली काच कापताना तुमच्या हातात फुटली आणि हे तुम्हाला म्हणाले, "तुझ्या हाताला यश नाही. माझ्या कामाला पुन्हा हात लावू नकोस." ज्या बहिणीनं उडायला शिकवलं तिला! तुम्ही हातमोजे काढून नीट घडी घालून बाकावर ठेवलेत आणि माझ्या अंगावरून निघून गेलात. मी वाट दिली, शब्द दिला नाही. त्यानंतर आठ महिने हे घरात असून नसल्यासारखे होते. भिंतीशी बोलावं तर भिंत निदान ऐकते.

आणि आता दुसरं. विमान उडवायला लागतं ते ह्यांच्या डोळ्यांचं प्रमाणपत्र मेपर्यंतच आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, पुढचं मिळणं कठीण. नवी काच मागवायची म्हणजे पुन्हा अकरा महिने. म्हणजे मी तोंड उघडलं तर ह्यांच्या हातून हे विमान कधीच उडणार नाही. नाही उघडलं तर ते उडेल, आणि पुढचं मला लिहवत नाही.

भीती वाटतेय मला. इकडूनही वाटतेय आणि तिकडूनही. काय करू तेवढं सांगा, मग जन्मभर बोलू नका हवं तर.

तुमची भावजय


२२ फेब्रुवारी

वन्सं,

काल तपासनीस येऊन गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळं विमान डोळ्यांखालून घातलं. शेपटी हलवून बघितली, तारा ओढून बघितल्या, एकेक नट चाचपला. मी डाव्या बाजूला उभी. शेवटी नाकपुड्यांपाशी आले, झडप गोल फिरवली आणि म्हणाले, "वहिनी, काय सफाई आहे हो! कारखान्यातसुद्धा असं काम होत नाही." दुपारचं डोक्यावरचं ऊन होतं. त्या उजेडात रेघा दिसत नाहीत. त्या फक्त सकाळी आणि संध्याकाळी, तिरप्या उन्हात दिसतात.

सही झाली. सोळा मार्च, रविवार, सकाळी पहिलं उड्डाण.

मी हसत हसत त्यांना विचारलं, "वर गेल्यावर काच फुटली तर काय होतं हो?" चोराच्या मनात चांदणं. ते म्हणाले, "तोंडावर वारा येतो. तो सोसता येतो. पण तुकडे मागे जाऊन शेपटीवर आदळतात. शेपटी गेली तर मग कोणाला काही विचारायचं उरत नाही." आणि हसले. हेसुद्धा हसले. मीही हसले, वन्सं. माझं मलाच ऐकू येत होतं.

मी आता डाव्या बाजूवर कापड टाकून ठेवते, धूळ बसू नये म्हणून, असं सांगून. रोज काहीतरी निमित्त काढून हँगरवर जाते आणि मोजून येते. काल अकरा. आज बारा. लॅबमध्ये एका आजोबांच्या कवळीत मी डावीकडचा सुळा उजवीकडे बसवला. तीस वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टर म्हणाले, "बाई, बरं नाही का?" आजोबा बिचारे आरशात बघून म्हणाले, "असू दे, ओळखीचं वाटत नाही एवढंच."

आज हे विमानात नुसते डोळे मिटून बसले होते. हात चालू, हा खटका, ती दांडी, सगळी उजळणी. मी आलेली कळल्यावर डोळे न उघडता म्हणाले, "तुझ्या हातचं काहीतरी माझ्याबरोबर वर येणार बघ." मी कापड सारखं केलं आणि बाहेर येऊन भिंतीला धरून उभी राहिले.

एक ओळ लिहा. शिव्या घातल्यात तरी चालेल.

भावजय


४ मार्च

वन्सं,

तुमचं कार्ड आलं. मायना नाही, सही नाही. 'काच कशानं पुसतेस? भोक पाडायच्या आधी आणि नंतर. बाकी काही लिहू नकोस.' तुमचं ते उभं, करवतीसारखं अक्षर बघून मी जिन्यातच बसले आणि रडले. मग विचारलंय तेवढंच लिहायला घेतलं.

स्पिरिटनं पुसते. आधीही आणि नंतरही. बोटांचे डाग राहतात ना. आमच्याकडे लॅबमध्ये सगळं स्पिरिटनंच पुसतात, साचे, हत्यारं, तयार कवळ्या. एका फडक्यात झळाळी येते, म्हणून मी घरूनच बाटली

इथे माझं पेन थांबलं. हे सकाळी लिहिलं होतं. आता संध्याकाळ आहे.

वन्सं, तुम्ही उगाच प्रश्न विचारणाऱ्यातल्या नाही. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये एक करून बघितलं. काच कापून उरलेल्या पट्ट्या होत्या, त्यांतल्या दोन घेतल्या. एक टेबलावर मोकळी ठेवली. दुसरी वाकवून, ताण देऊन, दोन्ही टोकांनी शिकंज्यात आवळली. दोन्हींवर स्पिरिटचं फडकं फिरवलं आणि बसले. मोकळीला काही झालं नाही. वाकवलेलीत डबा उघडून दोन घास खाईपर्यंत रेघा उठल्या. त्याच, चंदेरी. मग त्याच पट्टीवर कवळीच्या औषधाचा थेंब सोडला आणि माझ्या डोळ्यांदेखत जाळी पसरली. जरा बोट लावलं तर पट्टी मोडली.

कवळी मोकळी असते. तिला कोणी ओढून, वाकवून आवळत नाही. ही काच चारी बाजूंनी स्क्रूंनी ताणून धरलेली आहे. तीस वर्षांचा माझा अनुभव, पण तो मोकळ्या ॲक्रिलिकचा. जो थेंब कवळीला जोडतो तोच हिला आतून खातोय. मी चीर बुजवली नाही, तिला खाऊ घातलं.

आणि आता जे लिहायला सकाळपासून धीर होत नव्हता ते.

पहिल्या काचेलाही पुसलं होतं. तुमच्या वेळच्या. तुम्ही दुसऱ्या दिवशी ती कापायला येणार, म्हणून मी आदल्या दुपारी शेडमध्ये जाऊन ती लख्ख करून ठेवली होती. ती आधीच चौकटीत वाकवून घट्ट बसवलेली होती. अर्धी बाटली स्पिरिट लागलं. तुम्ही आल्या आल्या म्हणालात, "अगं, किती चकचकीत केलीस!" आणि मी खूश झाले. मग तुम्ही करवत टेकवलीत आणि एका हाताच्या अंतरात काच उभी फाटली.

ती तुमच्या हातून गेली नाही, वन्सं. तुमच्या हातात यायच्या आधीच मी ती घालवली होती. भावाबहिणीत तीन वर्षं अबोला पडला तो माझ्या एका फडक्यामुळे, आणि मी दारात उभी राहून तुमची कीव करत होते. बरी होते मी, मनातल्या मनात चांगली बाई!

तुम्हाला हे तेव्हा कळलं होतं का? विचारायचं धाडस नाही, तरी विचारलं.

भावजय


११ मार्च

वन्सं,

दुसरं कार्ड मिळालं. 'उडायचं नाही. धाकट्याला आजच सांग.' पहिल्या काचेबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही रागावला असतात तर मला कळलं असतं काय करायचं. तुमच्या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटते.

'आजच' होऊन तीन दिवस झाले. तीनदा तोंड उघडलं. एकदा म्हणाले, "काय गं?" आणि मी म्हटलं, "मीठ कमी झालंय का?" हँगरची किल्ली साखरेच्या डब्यात लपवली, तर ह्यांच्याकडे दुसरी निघाली. पोटात दुखतंय म्हटलं, तर म्हणाले, "मग रविवारी तू घरी झोप, मी जाऊन येतो." म्हणजे शेवटच्या क्षणी अडवायची संधीही हातची जायची.

रेघ आज एकतीस झाली. कापडाच्या बाहेर यायला बोटभर उरलीय.

आणि ह्यांचं मला काही कळत नाही. फार गोड वागताहेत. काल घराचे, बँकेचे सगळे कागद काढून मला कुठे काय आहे ते दाखवत बसले. मी म्हटलं, "हे आत्ताच कशाला?" म्हणाले, "माहीत असलेलं बरं." जेवताना माझ्याकडे नुसते बघत बसतात. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काही नाही, जेव."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं! रविवार येतोच आहे.

भावजय


१६ मार्च, रविवार

वन्सं,

आधी हे सांगते की ह्यांना काही झालेलं नाही. हे आत्ता स्वयंपाकघरात भांडी घासताहेत. आता सुरुवातीपासून सांगते.

सहा वाजता हँगरवर पोचलो. वारा नव्हता. झाडाचं पान हलेना. एवढी चांगली हवा मी आयुष्यात कधी शिव्या देऊन बघितली नव्हती. तपासनीस विमानापाशी होते, क्लबातले दोघे आग विझवायचं नळकांडं घेऊन धावपट्टीच्या टोकाला. ह्यांनी डाव्या बाजूचं कापड स्वतः काढलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. आत बसले. पट्टे आवळले. काच खाली ओढायला हात वर केला.

मी चौकटीच्या कडेवर माझी चारही बोटं ठेवली. काच आली असती तर बोटं चिरडली असती.

"हात काढ," म्हणाले.

"डाव्या नाकपुडीखाली तडा आहे," मी म्हटलं. "मी पाडला. पाडून लपवला. वर औषध लावलं, त्यानं तो वाढला."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर धावपट्टीकडे बघत म्हणाले, "माहीत आहे."

वन्सं, मी विमानाला धरून उभी राहिले.

"कधीपासून?"

"तू कापड टाकायला लागलीस तेव्हापासून. धुळीची एवढी काळजी तू घरात कधी केलीस?"

"मग आत बसलात कशाला?"

पट्टे सोडले, उतरले, तपासनिसांकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. कड्याचे सहाही स्क्रू एकेक करून काढून माझ्या हातातल्या कापडावर ठेवले. कडं निघालं. खाली सगळी जाळी झाली होती, चौथ्या भोकापासून गोलाच्या कडेपर्यंत. ह्यांनी तिथे अंगठा टेकवला आणि आंबा पिकलाय का बघावं तेवढंच दाबलं. तळहाताएवढा तुकडा ह्यांच्या हातात आला. आवाजसुद्धा झाला नाही.

तपासनिसांनी टोपी काढली आणि तिथेच चाकावर बसले. "माझी सही आहे यावर," एवढंच दोनदा म्हणाले.

गाडीत तुकडा ह्यांच्या मांडीवर होता. घरी आल्यावर हे मोरीपाशी हात धुवायला गेले आणि धुतच राहिले. मी मागे उभी. पाठमोरेच म्हणाले, "ताईला बोललो आणि ती गेली. तुला बोललो असतो, तर घरात कोण उरलं असतं?"

"म्हणून मरायला निघालात?"

"दहा मिनिटांची फेरी. टिकेल असं वाटत होतं." मग नळाकडे बघत म्हणाले, "टिकेल असं वाटून घेत होतो."

मी ओरडले, वन्सं. लग्न झाल्यापासून एवढ्या मोठ्यानं कधी ओरडले नसेन. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. तुम्हाला जीव नकोसा झालाय का, मला विधवा करून माझी अब्रू राखणार होतात का, माहीत असलेलं माझ्यापासून लपवता, एक शब्द बोलायचा नाही, बघत राहायचं, आणि असं सगळं म्हणता म्हणता माझी जीभ अडखळली. कारण पहिल्या काचेचं मी अजून सांगितलेलंच नव्हतं. मी कोणत्या तोंडानं ओरडत होते?

तेव्हा तेही सांगितलं. स्पिरिट, अर्धी बाटली, आदली दुपार, वाकवलेली पट्टी, सगळं. या वेळी मला सगळ्यांत जास्त भीती वाटली, सकाळपेक्षाही. सकाळी ह्यांचा जीव जाईल अशी भीती होती. आता हे राहतील आणि मी ह्यांच्या लेखी उरणार नाही, अशी होती.

ह्यांनी नळ बंद केला.

"म्हणजे ताईनं..."

"ताईंनी काही केलं नाही."

ओल्या हातांनी तिथेच खाली फरशीवर बसले. मी तुमची दोन्ही कार्डं आणून दिली. चार-चारदा वाचली. 'धाकट्याला' या शब्दावर अंगठा ठेवून कितीतरी वेळ बसले. कार्डावर पाण्याचा डाग पडलाय, तो नळाचा आहे असं आम्ही दोघांनीही धरून चाललोय.

मग म्हणाले, "पत्ता दे." कागद घेऊन टेबलाशी बसले. तास झाला, दीड झाला. मी जाऊन बघितलं तर कागदावर एकच शब्द. ताई. मी म्हटलं, "पुढचं?" म्हणाले, "पुढचं समोर बोलेन. येईल का ती, विचार." तो कागद या पाकिटात आहे. कोरा आहे असं समजून टाकून देऊ नका.

मला काय म्हणाले? अजून काही नाही. म्हणतील. भांडी जरा जोरातच आपटताहेत. आपलेच दात आणि आपलेच ओठ. जे म्हणतील ते उभं राहून ऐकायचं मी ठरवलंय, आणि या वेळी बोलणं संपेपर्यंत कोणी घर सोडून जायचं नाही, असंही.

तुमच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते मी विचारत नाही. माफी मागितली तर ती तीन वर्षांना पुरणार नाही, हे मला कळतं. पण नवी काच यायला अकरा महिने आहेत. ह्यांचे डोळे मेपर्यंतचे. म्हणजे काच कापायला तुम्ही हव्या आहात, आणि उडवायलाही तुम्हीच. सीटा दोन आहेत. हे शेजारच्या सीटवर बसतील, मी विचारलंय, चालेल म्हणाले.

मी खाली उभी असेन. घाबरेनच, त्याला इलाज नाही. पण ती भीती साधी असेल, वन्सं. माझी दोन माणसं वर गेलीत आणि अजून उतरलेली नाहीत, एवढीच.

भावजय